इंजिन नव्हतं तेव्हा लॉनमोवरची पाती फिरायची कशी?

तुमचा प्रश्न असा की इंजिन यायच्या आधी गवत कापायचं मशीन माणूस नुसतं ढकलायचा, चाकं तर हळूच फिरणार, मग पाती एवढ्या जोरात कशी फिरायची, आत गिअर असायचे की चेन. दोन्ही होतं, वेगवेगळ्या काळात. आधी ओतीव लोखंडाचे उघडे गिअर, मग चेन, आणि नंतर चाकाच्याच पोटात बसवलेले दाते. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पाती नाहीत, ही मधली ड्राइव्हच आहे, म्हणजे चाकाची गती पात्यांपर्यंत नेणारी यंत्रणा, म्हणून जरा लांबण लावतो.

सुरुवात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये स्ट्राउडजवळ थ्रप नावाच्या गावात झाली. तो सगळा भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा, सैन्याच्या लाल डगल्यांचं कापड तिथलं प्रसिद्ध. कापड विणून, आटवून झालं की त्यावर लव उभी राहते, ती एकसारखी कातरायला तिथे एक मशीन असायचं, एका सिलिंडरवर पीळ दिल्यासारखी तिरकी पाती आणि खाली एक स्थिर सरळ पातं, दोघांच्या मध्ये लव सापडली की कात्रीसारखी कापली जाते. ब्रिमस्कम्बच्या जॉन लुईसने अशा फिरत्या कातरयंत्राचं पेटंट १८१५ लाच घेतलं होतं. एडविन बडिंग हा त्याच भागातला मेकॅनिक, त्याच्या डोक्यात आलं की हेच गवतावर चालवलं तर, आणि ३१ ऑगस्ट १८३० ला त्याला पेटंट मिळालं. पैसा आणि कारखाना जॉन फेराबीचा, थ्रपचीच फिनिक्स फाउंड्री.

आता बघा, कापायची युक्ती त्याला गिरणीत आयती मिळाली, पण गिरणीत मशीन जागेवर उभं असतं, कापड त्याच्यातून सरकतं आणि ताकद बाहेरून येते, पाणचक्कीवरून शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, शाफ्टवरून पट्टा. लॉनवर यातलं काहीच नाही. गवत जागचं हलत नाही, मशीनच पुढे जायला पाहिजे आणि पुढे जाता जाता पाती फिरवायची ताकदही स्वतःच मिळवायला पाहिजे. त्याने काय केलं, तर मागे जमिनीवर लोळणारा एक जड रूळ ठेवला, त्या रुळाच्या टोकाला मोठं दातेरी चाक, आणि तिथून गिअर देत देत पुढच्या पात्यांच्या सिलिंडरपर्यंत गती नेली. माणूस मागून ढकलणार, रूळ जमिनीशी घासून फिरणार, रूळ पाती फिरवणार. म्हणजे ढकलणारा माणूस थेट पाती फिरवतच नाही, जमीन फिरवते. मला खरा शोध हाच वाटतो.

बडिंगच्या मशीनचा रेशो १६ ला १ होता, रूळ एकदा फिरला की सिलिंडर सोळा वेळा. एवढा कशाला हवा? एक साधा हिशोब करू, बडिंगच्या मशीनचा नाही, समजायला सोपे आकडे घेऊन. १० इंची चाक धरा, ते एक फेरा घेतं तेव्हा मशीन साधारण ३१ इंच पुढे जातं. सिलिंडरवर ५ पाती आहेत आणि चाक नि सिलिंडर एकाच वेगाने फिरतायत, तर ३१ इंचात ५ काप, म्हणजे दर ६ इंचांनी एक. मधलं गवत नुसतं दबून मागे जाणार आणि लॉनवर लाटा दिसणार. तेच सिलिंडर ५ पट वेगाने फिरवलं तर २५ काप, दर सव्वा इंचाला एक, आता कुठे लॉन सपाट दिसायला लागेल. क्रिकेटच्या पिचसारखं बारीक कापायचं तर यापेक्षाही दाट काप लागतात, म्हणून अशा कामाच्या मशीनला पातीही जास्त असतात. आणि यातली भारी गोष्ट म्हणजे तुम्ही हळू चाला की भरभर, दर इंचाला पडणारे काप तेवढेच, कारण पाती आणि जमीन गिअरने बांधलेली आहेत.

दुसरी भानगड दिशेची. सिलिंडरची खालची बाजू मागे सरकली पाहिजे, तरच ती गवत ओढून मागच्या स्थिर पात्यावर नेते. म्हणजे सिलिंडर रुळाच्याच दिशेने फिरायला हवा. पण दोन गिअर बाहेरून एकमेकांत अडकवले की दुसरा उलटा फिरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मग मध्ये एक शाफ्ट घ्यायचा आणि दोन टप्पे करायचे, पहिल्या टप्प्यात दिशा उलटते, दुसऱ्यात परत सुलटते. वेगालाही तेच सोयीचं, कारण एकाच जोडीत १६ पट काढायचं तर १० दात्यांच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, १६० दात्यांचं चाक लागेल, ते केवढं होईल! ४ पट आणि परत ४ पट केलं की १६ झाले आणि दिशाही जमली.

पण वेग वाढवला की जोर तेवढाच घटतो, फुकट काही मिळत नाही. रुळावर जेवढा पिळाचा जोर आहे त्याचा सोळावा भाग पात्यांपर्यंत पोचणार, त्यातूनही घर्षणात जाईल ते वेगळंच. त्यात ते गिअर ओतीव, दाते साच्यातून निघतील तसे, आजच्यासारखे मशीनवर कापलेले नाहीत, त्यामुळे खडखडाटही भरपूर. गवत दाट लागलं की पाती अडायची आणि रूळ जागेवर घसरायचा. घसरू नये म्हणून वजन पाहिजे, वजन वाढलं की ढकलवत नाही. १९ इंच रुंदीचं ते लोखंडी मशीन एकट्या माणसाला जड जायचं, म्हणून लवकरच पुढेही एक दांडा लावला, एकाने ओढायचं एकाने ढकलायचं. बडिंगने पेटंटमध्ये लिहिलं होतं की गावाकडच्या सद्गृहस्थांना हे मशीन स्वतः चालवणं करमणुकीचा, उपयोगी आणि तब्येतीला चांगला व्यायाम वाटेल. व्यायाम तर नक्कीच होत असणार. तरीही मागणी होती, कारण विळ्याच्या मोठ्या भावाने, म्हणजे लांब दांड्याच्या त्या कोयत्याने, लॉन एकसारखं कापायला फार कसलेला माणूस लागायचा आणि तेही पहाटे गवत दवाने ओलं असताना. हे मशीन उलट कोरड्यात चांगलं चालायचं, ओल्यात रूळ घसरतो ना. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेने सुरुवातीलाच एक घेतलं आणि १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने बनवायचा परवाना घेतला.

वजनाच्या कोड्याला एक उत्तर स्कॉटलंडमधून आलं. आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी मशिनं काढली, आधी २७ इंची, मग ४२ इंची, तट्टूने ओढायची. आत ड्राइव्ह रुळावरचीच, पण ओढायला जनावर असल्यामुळे मशीन कितीही जड करता आलं, जड केलं की रुळाची पकड वाढली, पकड वाढली की रुंद सिलिंडर फिरवता आला. तट्टूच्या खुरांनी लॉन उखडू नये म्हणून त्याच्या पायात चामड्याचे बूट घालायचे.

मग १८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीनने गिअरची रांग काढून तिथे चेन टाकली. मशीनचं नाव सायलेन्स मेसर, लॅटिनमध्ये मूक कापणारा, यावरून आधीची किती वाजत असतील ते समजा. चेनमध्ये दिशेचा प्रश्न आपोआप सुटतो, दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात, मधला शाफ्ट लागतच नाही, वजन कमी, आणि रूळ नि सिलिंडर एकमेकांपासून लांब असले तरी चालतं. फक्त ही आज आपल्याला माहीत असलेली चेन नव्हे. बुश आणि रोलरवाली चेन मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये आणली, त्याआधीच्या साध्या कड्यांच्या चेन लवकर झिजायच्या, ताणायच्या.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, बाजूला दोन चाकंवाला, जो आजही नवीन विकत मिळतो. १८६० च्या दशकाच्या शेवटी हे वारं आलं, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फॉलोज अँड बेटचं क्लायमॅक्स नावाचं मशीन १८६९ चं. यात रूळ पाती फिरवतच नाही. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आतल्या कडेला गोल दाते असतात आणि सिलिंडरच्या शाफ्टची टोकं त्यात घुसलेली, टोकावर छोटं पिनियन. आतल्या दात्यात अडकलेलं पिनियन चाकाच्याच दिशेने फिरतं, म्हणजे एकाच जोडीत वेगही वाढला आणि दिशाही बरोबर. धूळ-गवत दात्यात जात नाही ते वेगळंच. मी असं एक जुनं मशीन खोललंय, आत भाग इतके कमी की बघतच राहिलो.

त्यात पिनियन शाफ्टवर पक्कं बसवलेलं नसतं. शाफ्टला आरपार खाच असते, तिच्यात एक चपटी पत्ती मोकळी सरकते, आणि पिनियनच्या आतल्या बाजूला खाचा. पुढे ढकललं की पत्ती खाचेत अडकते आणि शाफ्ट फिरतो, मागे ओढलं की पत्ती सरकून निसटते, टिकटिक आवाज येतो आणि पाती थांबलेलीच राहतात. सायकलचं फ्रीव्हील करतं तेच काम. आणि दोन्ही चाकांना ही स्वतंत्र सोय असल्यामुळे वळताना बाहेरचं चाक जे जास्त फिरतं ते पाती चालवतं, आतलं नुसतं टिकटिकत मागे राहतं, डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, न लावता त्याचं काम झालं. एकसंध रुळाच्या मशीनला हे जमायचं नाही, वळताना रूळ गवत रगडायचा, म्हणून पुढे रूळ दोन तुकड्यांत करून मध्ये डिफरन्शियल द्यायला लागले.

एवढं असून इंग्लंडमध्ये रूळवाली मशिनं गेली नाहीत, कारण लॉनवरचे ते गडद-फिके पट्टे रुळामुळेच पडतात, शिवाय रूळ लॉनच्या कडेवरून बाहेर आला तरी चालतं, बाजूचं चाक वाफ्यात उतरलं की मशीन कलंडतं. उंच, वाढलेल्या गवताला मात्र चाकवालंच बरं.

शेतातल्या गवतासाठी वेगळंच घराणं होतं, तिथे सिलिंडर नाही, करवतीसारखी दात्यांची पट्टी डावी-उजवीकडे सरकते. पण ताकद तिथेही जमिनीचीच, घोडे ओढतात, चाक फिरतं, चाकावरून गिअर, बेव्हल गिअरने दिशा काटकोनात वळवायची, शेवटी क्रँक, म्हणजे गोल फिरण्याचं मागेपुढे हलणं करणारा वाकडा दांडा, आणि एक लांब दांडी, ती पट्टी हलवते. अमेरिकेच्या ओबेड हसीने कापणी यंत्रासाठी अशी पट्टी १८३३ मध्येच पेटंट केली होती.

इंजिन आल्यावर, १८९३ चं जेम्स समनरचं वाफेचं आणि १९०२ चं रॅन्सम्सचं पेट्रोलवालं, ताकदीचा प्रवास उलटा झाला. आधी रूळ पात्यांना चालवायचा, आता इंजिन रूळ आणि पाती दोघांनाही चालवायला लागलं. पण बऱ्याच इंजिनवाल्या सिलिंडर मशिनांत या दोघांचं एकमेकांशी नातं तसंच बांधलेलं ठेवलं, दर इंचाला तेवढेच काप पडावेत म्हणून.

तुमच्याकडे किंवा ओळखीत कुठे असं बाजूच्या चाकांचं मशीन पडलेलं असेल तर एक बाजू उचलून चाक हाताने पुढे फिरवा, पाती फिरली पाहिजेत, मागे फिरवल्यावर टिकटिक आली पाहिजे. पुढे फिरवूनही पाती हलत नसतील तर बहुतेक वेळा ती पत्ती जुन्या ग्रीसने चिकटलेली असते, रॉकेलने धुवून पातळ तेल द्या, तिथे जाड ग्रीस भरू नका. आणि खोलताना डावं पिनियन कुठलं, उजवं कुठलं याची खूण करून ठेवा, अदलाबदल झाली तर मशीन पुढे ढकलल्यावर नुसतं टिकटिकेल आणि मागे ओढल्यावर पाती उलटी फिरतील. पात्यांना हात लावायच्या आधी चाक अडवून ठेवा, कारण चाक जरासं हललं तरी पाती त्याच्या पाचपट फिरतात.