बाळ जन्मल्यावर उशिरा रडलं म्हणूनच सेरेब्रल पाल्सी होते का?

बहुतेक वेळा नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाल आणि शरीराची ठेवण बिघडणं. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणं हे एक कारण आहे खरं, पण ते थोड्याच मुलांमध्ये सापडतं. मेंदूला इजा बहुतेकदा गर्भातच झालेली असते: संसर्ग, मेंदूची सदोष घडण, कधी जनुकीय दोष. विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरांनी १८६२ मध्ये अवघड बाळंतपणाकडे बोट दाखवलं आणि तीच समजूत रुजली. गंमत म्हणजे सिग्मंड फ्रॉइड (हो, मनोविश्लेषणाचे जनक, तेच!) यांनी १८९७ मध्येच शंका काढली होती की अवघड बाळंतपण हे कधीकधी आधीच बिघडलेल्या गोष्टीचं लक्षण असावं.

मेंदूत इजा कुठे झाली यावर आजाराचं रूप ठरतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग दुखावतो. पायांकडे जाणारे तंतू तिथूनच जातात, म्हणून हातांपेक्षा पाय जास्त ताठ होतात. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तर शरीराची विरुद्ध बाजू कमजोर पडते. वर्षाच्या आतलं मूल सतत एकच हात वापरत असेल तर 'डावखुरा दिसतोय' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. नवजात कावीळ फार वाढली तर हातपाय आपोआप वळवळण्याचा प्रकार होतो. हा वेळीच उपचारांनी टाळता येतो. ताठरपणाचा प्रकार सर्वांत जास्त, साधारण ८० टक्के.

मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. मूल वाढताना स्नायू आखडत जातात, म्हणून आजार वाढल्यासारखा वाटतो. केलेली कौशल्यं मूल विसरू लागलं, तर मात्र निदान पुन्हा तपासून घ्या.