युरोचा विचार नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षकांचे पत्र आहे: "मे महिन्यात आम्ही उभयता बारा दिवस युरोपला जात आहोत. सहलीचे पैसे भरून झाले आहेत. वरखर्चाचे दोन लाख फॉरेक्स कार्डावर न्यावेत की रोख? एका परिचिताकडे स्वस्तात युरो मिळतात, ते घ्यावेत का? मुदत ठेवीचे पाच लाख बँकेतील साहेबांनी नऊ टक्के हमखास देणाऱ्या योजनेत घातले असून त्याचे कागद १९ दिवसांपूर्वी आले. ते व्याज पुढच्या सहलीला होईल."

सर, आपण दोन लाखांविषयी विचारता आहात आणि अडकला आहात पंचवीस लाखांत. सोबत पाठवलेल्या कागदाच्या पहिल्याच पानावर 'वार्षिक हप्ता ५ लाख, हप्ते ५ वर्षे' असे छापलेले आहे. म्हणजे ही ठेव नसून विमा पॉलिसी आहे, आणि पुढच्या वर्षी याच तारखेला आणखी पाच लाख मागितले जातील. आपले निवृत्तिवेतन दरमहा ४२,०००, म्हणजे वर्षाचे पाच लाख. घरात चूल पेटवायची की हप्ता भरायचा? न भरल्यास पहिल्या पाच लाखांतील मोठा भाग बुडू शकतो. कागदावरील हिशेबही पाहा: पंचवीस लाख भरून बाराव्या वर्षाअखेर चाळीस लाख. पैसा सरासरी दहा वर्षे अडकतो, त्यामुळे परतावा पाच टक्क्यांच्याही आत येतो. नऊ टक्के हा आकडा या कागदांत कोठेही नाही. तो केवळ साहेबांच्या तोंडी होता.

सुदैवाने पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. आपल्याकडे ११ दिवस आहेत. मात्र हीच पॉलिसी आधी ईमेलने आली असेल तर मुदत तेव्हापासून धरली जाण्याची शक्यता आहे, म्हणून उद्याच निघा. अर्ज विमा कंपनीच्या कार्यालयात देऊन तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. बँकेतील साहेबांकडे देऊ नका, ते गोड बोलून दोन आठवडे सहज घालवतील. कंपनीने दाद दिली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. पैसे परत आले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा: सध्याच्या ८.२ टक्के दराने वर्षाला ४१,००० रुपये मिळतील.

आता युरो. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर दोन लाखांचे दोन हजार होतात, आणि राहणे-जेवण सहलीत असताना इतके लागणार नाहीत. तीन-चारशे युरो रोख, हजारभर फॉरेक्स कार्डावर (म्हणजे आधीच युरो भरून न्यायच्या कार्डावर) आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड, तेही पत्नीच्या पर्समध्ये, म्हणजे पॅरिसच्या मेट्रोत एकाचा खिसा कापला गेला तरी दुसऱ्याकडे काही उरेल. क्रेडिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या. त्यावर बहुधा तीन-साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो, म्हणून ते रोजच्या खर्चाला काढू नका. दुकानदाराने यंत्रावर 'रुपयांत की युरोत?' असे विचारले तर युरोतच म्हणा. रुपये ऐकायला ओळखीचे वाटतात, पण रूपांतराचा दर दुकानदाराच्या यंत्राचा असतो आणि तो महाग पडतो. सहलीत स्वित्झर्लंड असेल तर तेथे फ्रँक चालतो आणि युरोच्या कार्डावर पुन्हा रूपांतराचा खर्च बसतो.

आपले आरोग्य ठणठणीत आहे म्हणून प्रवास विमा टाळू नका. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागतेच, आणि येथील मेडिक्लेम तेथे सहसा चालत नाही.

परिचिताचे स्वस्त युरो घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याखेरीज इतरांकडून परकीय चलन घेणे बेकायदेशीर आहे, नोटा बनावट निघाल्यास तक्रार करायला पावती नसते, आणि दोन रुपये वाचले तरी चारशे युरोंवर ते आठशेच होतात. युरो कोल्हापुरातच बँकेतून पावतीसह घ्या. मुंबई विमानतळावरील काउंटरचा दर साधारणतः महाग पडतो.