महिला एकेरी: रँकिंगचा हिशेब, गुडघा आणि शटलचा नंबर

बॅडमिंटनच्या महिला एकेरीत कारकीर्द करू पाहणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक यांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

मुलगी १९ वर्षांची. राज्य स्पर्धेत एकेरीची अंतिम फेरी दोनदा खेळली. प्रशिक्षक म्हणतात, आता थेट सुपर ३०० खेळवा. आमच्याकडे वर्षाला सहा-सात स्पर्धांपुरतेच पैसे आहेत. कुठे घालावेत? (एक पालक, नागपूर)

सुपर ३०० वर आत्ता घालू नका. ही जागतिक दौऱ्यातली स्पर्धा, तिच्याखाली सुपर १००, मग इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सिरीज आणि सगळ्यात खाली फ्यूचर सिरीज अशा पायऱ्या आहेत. जागतिक क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० निकालांवरून ठरते. दहापेक्षा कमी स्पर्धा खेळल्या तर जेवढ्या खेळल्या तेवढ्यांची बेरीज. म्हणजे तुमच्या मुलीचा एकही निकाल गाळला जाणार नाही, प्रत्येक स्पर्धा जमेस धरली जाईल.

आता गुण पाहा. इंटरनॅशनल चॅलेंज जिंकली तर ४०००, उपान्त्य फेरीत हरली तर २८००, उपान्त्यपूर्व फेरीत हरली तर २२००. सुपर ३०० मध्ये उपान्त्यपूर्व फेरी गाठली तर ३८५०, शेवटच्या १६ मध्ये हरली तर २७५० आणि मुख्य ड्रॉच्या (पात्रता फेरीनंतरच्या मुख्य स्पर्धेच्या) पहिल्याच फेरीत हरली तर १६७०. एक इंटरनॅशनल चॅलेंज जिंकणं सुपर ३०० च्या उपान्त्यपूर्व फेरीपेक्षा भारी पडतं. शिवाय सुपर ३०० चा ३२ जणींचा मुख्य ड्रॉ मिळणंच कठीण, कारण २८ जागा क्रमवारीवर भरतात आणि उरलेल्या ४ पात्रता फेरीतून. पात्रता फेरीत हरून परत आलात तर विमानाचं तिकीट, हॉटेल, व्हिसा हा सगळा खर्च फुटकळ गुणांवर जातो.

पहिल्या वर्षी फ्यूचर सिरीज (विजेतीला १७००) आणि इंटरनॅशनल सिरीज (२५००) मिळून तीन, आणि इंटरनॅशनल चॅलेंज तीन. त्यातल्या भारतात होणाऱ्या आधी धरा. यांहून एक पायरी वरच्या सुपर १०० स्पर्धाही गुवाहाटी आणि कटकला झाल्या आहेत. तिथे परदेशातल्या अव्वल खेळाडू सहसा फिरकत नाहीत, आणि शेवटच्या १६ मध्ये हरलं तरी २११० गुण मिळतात. परदेशी जायचंच असेल तर लागोपाठच्या दोन आठवड्यांत जवळजवळच्या देशांत होणाऱ्या स्पर्धा निवडा, एका विमानप्रवासात दोन खेळून होतात. मात्र सलग तिसरी नको. तिसऱ्या आठवड्यात पाय जड होतात, नेटजवळ पोचायला अर्धं पाऊल कमी पडतं आणि एरवी जिंकली असती अशा मुलीकडून ती हरते. दोन स्पर्धांच्या जोडीनंतर किमान पाच आठवडे सराव हवाच. नव्या खेळाडूचा खेळ वाढतो तो या पाच आठवड्यांत.

प्रवेशिका खेळाडूला स्वतः पाठवता येत नाही, ती राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी कागद पुरे करा.

बक्षिसाच्या पैशांवर घर चालतं का? (एक वाचक, सांगली)

सुरुवातीची बरीच वर्षं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लखनौची सय्यद मोदी ही सुपर ३०० स्पर्धा पी. व्ही. सिंधूनं जिंकली. एकूण बक्षीस २,१०,००० डॉलर, त्यातले एकेरीच्या विजेतीला ७.५ टक्के म्हणजे १५,७५० डॉलर. उपान्त्यपूर्व फेरीत हरलेलीला १,२६०, शेवटच्या १६ मधलीला ७३५ आणि पहिल्या फेरीत हरलेलीला काहीच नाही. खरा आधार नोकरीचा. रेल्वे, सरकारी तेल कंपन्या आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण, या वाटा सतराव्या-अठराव्या वर्षापासून डोक्यात ठेवा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपा, आरक्षणासाठी ती क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात.

मी १७ वर्षांची, उजव्या हातानं खेळते. मागच्या डाव्या कोपऱ्यातून स्मॅश मारून खाली आले की डावा गुडघा आत वळतो. दुखत नाही. काळजी करू का? (एक खेळाडू, ठाणे)

हो, आणि आत्ताच. बॅडमिंटनमध्ये गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याची सगळ्यात धोक्याची घडी हीच. शटल बॅकहॅन्डच्या कोपऱ्यात उंच येतं, तू राउंड द हेड (बॅकहॅन्डच्या बाजूचं शटल हात डोक्यावरून नेऊन फोरहॅन्डनं) मारायला मागे झुकतेस, शरीर डावीकडे कलतं आणि सगळं वजन एकट्या डाव्या पायावर येतं. त्या क्षणी गुडघा जवळपास सरळ असेल आणि आत वळला, तर तो बंध ताण सोसत नाही. स्पेनची ऑलिंपिक विजेती कॅरोलिना मरिन डावखुरी, म्हणून तिचा धोक्याचा पाय उजवा. जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात साईना नेहवालविरुद्ध तिचा उजवाच गुडघा गेला. २०२१ मध्ये डावा गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही आघाडीवर असताना पुन्हा उजवा. इतकी ताकदवान खेळाडू, तरी हे घडलं.

मूळ चूक बहुतेकदा उडीत नसून पायाच्या कामात असते. तू शटलच्या मागे पोचत नाहीस, म्हणून हवेत झुकून मारतेस. पहिलं पाऊल लवकर टाक, आणि उतरताना डावं पाऊल किंचित बाहेर वळलेलं, गुडघा वाकलेला आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेव. पोचायला उशीर झालाच तर स्मॅशचा मोह सोड, ड्रॉप (नेटजवळ हलकेच टाकलेलं शटल) किंवा क्लिअर (उंच, मागच्या रेषेपर्यंत) कर.

आठवड्यातून तीनदा, सरावाच्या आधी पाय ताजे असताना, ३० सेंटीमीटर उंचीच्या ठोकळ्यावरून एका पायावर उतर आणि ३ सेकंद स्थिर राहा. प्रत्येक पायाचे ६, असे ३ सेट. समोरून मोबाइलवर चित्रण कर. गुडघा आत गेला की ठोकळा निम्म्या उंचीचा कर. जोडीला एका पायाची बैठक आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणी धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकवणं). धावायचे बूट कोर्टवर घालू नकोस, त्यांच्या उंच टाचेमुळे पाय आडवा मुरगळतो. थकल्यावर तंत्र सुटतं, हेही लक्षात ठेव. २०१७ च्या ग्लासगो जागतिक स्पर्धेत सिंधू आणि जपानची नोझोमी ओकुहारा यांचा अंतिम सामना ११० मिनिटं चालला. एकेरीत एवढा वेळ गुडघा सरळ रेषेत राहायला हवा, तेव्हा सरावाच्या अखेरीस दमलेल्या पायांचंही चित्रण पाहा.

मुंबईत बरोबर पडणारं शटल पुण्यात मागच्या रेषेबाहेर का जातं? (एक पालक, पुणे)

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. हवा विरळ, म्हणून शटल वेगात जातं. शटलच्या नळीवर वेगाचा नंबर असतो. मुंबईत ७७ नंबर वापरत असाल तर पुण्यात ७६ घ्या, नंबर जितका कमी तितकं शटल संथ. तपासायची रीत नियमातच आहे. मागच्या रेषेवरून, बाजूच्या रेषेला समांतर, पूर्ण जोरानं खालून वर फटका मारायचा. शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. पिसांची टोकं दुमडून वेग कमी करू नका, शटल डगमगतं आणि मुलीचा अंदाज बिघडतो. हिवाळ्यात पिसं कोरडी पडून पटापट तुटतात. आदल्या रात्री नळीचं पिसांकडचं टोक उघडून १० ते १५ सेकंद वाफ द्या आणि झाकण लावून ठेवा. बुचाला ओल लागू देऊ नका.

सराव वाढवल्यापासून मुलीची पाळी चार महिने आली नाही. क्लबमध्ये म्हणतात, खेळाडूंचं असंच असतं. (एक आई, कोल्हापूर)

असं नसतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. बहुतेकदा कारण एकच, खर्च होते तेवढी ऊर्जा जेवणातून मिळत नाही. मग शरीर हाडांवर कात्री चालवतं आणि नडगीत किंवा पावलात बारीक भेगा पडतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासा, आणि तोवर उड्यांचा सराव कमी करा. सराव संपल्यावर तासाभरात पोळी किंवा भात आणि सोबत २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. दोन अंडी आणि ग्लासभर दूध मिळून साधारण तेवढी होतात. वजन कमी केलं की वेग वाढतो असं तिला कोणी सांगत असेल, तर ते थांबवा.

स्पर्धेच्या काळात सर्दीचं औषध चालतं का? (एक खेळाडू, नाशिक)

त्यातले घटक तपासल्याशिवाय नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोइफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे त्याला बंदी आहे. दम्याचं औषध चालू असेल तर तेही बंदी असलेल्या औषधांच्या यादीत पडताळून घ्या. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर औषधातल्या घटकाचं नाव टाकून पाहा, केवळ ब्रँडवर जाऊ नका. डॉक्टरांना आधीच सांगा की तुमची चाचणी होऊ शकते, आणि त्यांची चिठ्ठी किटबॅगेत ठेवा.