लिफ्टच्या करारातली बचत चालली कुठे?

मुलुंडच्या एका सोसायटीच्या खजिनदार ताईंचं पत्र आहे. इमारत २००४ सालची, सात मजले, २८ फ्लॅट, दोन लिफ्ट. लिफ्ट ज्या कंपनीची आहे तिची कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी, म्हणजे सुट्या भागांसकट वार्षिक देखभालीचा करार, एका लिफ्टला वर्षाला १ लाख १० हजार, वर १८ टक्के जीएसटी. एक स्थानिक ठेकेदार साधी एएमसी, म्हणजे सुटे भाग वगळून, लिफ्टमागे ४५ हजारांत द्यायला तयार आहे. कंपनीचा माणूस फक्त पाणी पिऊन जातो, असं सभासदांचं म्हणणं. ठेकेदार बदलावा का, हा प्रश्न.

ताई, प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर देणार आहे. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि तुम्हाला आधी मेल केला. 'यातून वाचणारे दीड लाख आणि सिंकिंग फंडातले दीड लाख मिळून अध्यक्षांच्या नावावरच्या गॅरंटीड पॉलिसीचा हप्ता भागेल.' सिंकिंग फंड म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा.

पॉलिसी अशी: वर्षाला ३ लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी ६० लाख. विकणारा सहाव्या मजल्यावरचा सभासदच. 'पैसे दुप्पट होतात' असं त्याने मीटिंगमध्ये सांगितलं आणि टाळ्या पडल्या. आता हिशेब बघा. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा. सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. याला दुप्पट म्हणून विकणाऱ्याने तुमच्या भाबडेपणाचं कमिशन घेतलं, मला दुसरा शब्द सुचत नाही.

पण परतावा ही यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की सोसायटीचा आयुर्विमा निघत नाही, म्हणून पॉलिसी अध्यक्षांच्या नावावर घेतली. सोसायटीचे ३ लाख आधी त्यांच्या खात्यात गेले, मग तिथून हप्ता भरला. तुमच्या वहीत ती नोंद 'अध्यक्षांना उचल' अशी आहे, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कागदावर आज सोसायटीने अध्यक्षांना बिनव्याजी कर्ज दिलंय. नॉमिनी त्यांची पत्नी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर विम्याचे पैसे त्यांच्याच हक्काचे होतात. उद्या अध्यक्षांचं काही बरंवाईट झालं तर २८ कुटुंबांचा फंड मागायला तुम्ही त्यांच्या घरी जाणार का? माणूस सज्जन आहे, असं तुम्ही लिहिता. मला ते मान्यच आहे. पण सोसायटीचा पैसा कुणाच्या सज्जनपणावर ठेवायचा नसतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७० मध्ये निधी कुठे गुंतवता येतो ते दिलंय. अध्यक्षांची पॉलिसी त्यात बसत नाही. ऑडिटमध्ये हे निघालं की जाब विचारला जाणार तो समितीला, आणि वही लिहिणाऱ्या म्हणून आधी तुम्हाला.

सुदैवाने वेळ आहे. पॉलिसी ३ तारखेला हातात आली, आज २२. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागायची, मुदत ३० दिवसांची असते, त्यातले ११ उरलेत. अध्यक्ष पॉलिसीचे मालक, त्यामुळे अर्जावर सही त्यांचीच हवी. अर्ज आणि पॉलिसी घेऊन दोघांनी विमा कंपनीच्या शाखेत जा, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घ्या. एजंटच्या हातात काही देऊ नका, तो 'बघतो' म्हणत ११ दिवस घालवेल. थोडी कपात होऊन पैसे अध्यक्षांच्या खात्यात येतील. त्याच दिवशी त्यांनी सोसायटीला चेक द्यावा आणि समितीच्या इतिवृत्तात ते लिहून ठेवा.

आता लिफ्ट. चार वर्षांत दोन्ही बदलाव्या लागतील आणि आज ३४ लाख लागतील, असं कंपनीने तुम्हाला लेखी दिलंय. भाव वाढून ४० धरा. फंडात १८ लाख आहेत, व्याज धरून आणि कर वजा करून २२ होतील. कमी पडतात १८. वर्षाला साडेचार लाख, म्हणजे दर फ्लॅटला महिन्याला साधारण १,३५० रुपये. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च सर्वांनी समान वाटून घ्यायचा, तळमजल्यानेसुद्धा. लिफ्ट चार वर्षांत हवी आणि पॉलिसीचे पैसे वीस वर्षांनी, एवढं एकच वाक्य सर्वसाधारण सभेत वाचून दाखवलंत तरी पुरे. 'तोवर रिडेव्हलपमेंट होईलच' असं म्हणणाऱ्याला बिल्डरचं पत्र मागा. २००४ च्या इमारतीसाठी अजून कुणी दारात आलेलं नाही.

ठेकेदाराबद्दल. दोन लिफ्टचे वर्षाला दीड लाख वाचतात, पण सगळे खिशात राहत नाहीत. गेल्या तीन वर्षांत कंपनीने एका लिफ्टचे रोप (तिला ओढणारे पोलादी दोर) बदलले, दुसरीचा डोअर ड्राइव्ह (दार उघडबंद करणारी यंत्रणा). करारात असल्याने तुम्हाला फुकट. त्याच कामांचा ठेकेदाराचा दर तुम्ही विचारलाय, एकूण १ लाख ६० हजार. म्हणजे खरी बचत वर्षाला एक लाखाच्या आसपास, तीही कंट्रोलर, म्हणजे लिफ्ट चालवणारं इलेक्ट्रॉनिक पॅनेल, गेला नाही तर. तो गेला की साडेतीन लाख.

आणि पाणी पिऊन जाणारा माणूस? आमच्या इमारतीत मी एकदा मेकॅनिकबरोबर मशीन रूममध्ये चढलो होतो. खुंटीला सर्व्हिस स्लिपा अडकवलेल्या. जून ते ऑगस्ट तिन्ही महिन्यांच्या स्लिपा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या, खाली वॉचमनची सही. मेन स्विच बंद करून मेकॅनिकने रोपवर फडकं फिरवलं, ते जागोजागी अडकलं. तुटलेल्या तारा बाहेर आल्या होत्या. कॉम्प्रिहेन्सिव्हचे पूर्ण पैसे आम्ही वेळेवर भरत होतो. महाग करार म्हणजे चांगली देखभाल, हे तेव्हापासून मी मानत नाही.

म्हणून उरलेल्या चार वर्षांसाठी ठेकेदार बदलायला माझी हरकत नाही, पण एवढं तपासा. त्याच्याकडे राज्याचा परवाना हवा. तुमच्या कंट्रोलरची दुरुस्ती कंपनीच्या लॅपटॉपशिवाय त्याला करता येते का, हे त्याने प्रत्यक्ष करून दाखवावं. कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर रात्री दोन वाजता किती मिनिटांत येणार, ते करारात लिहून घ्या. तुमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या तीन आजी आहेत. पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पावसाचं पाणी शिरून झालेलं नुकसान दोन्ही करारांत बाहेर आहे, तेव्हा पाणी काढायचा पंप आधी दुरुस्त करा. स्लिपवर सही वॉचमनची नको, समितीतल्या कुणाची तरी हवी. आणि करार एकाच वर्षाचा करा, पैसे दर तिमाहीला, स्लिपा बघून.