आजोबांचं घड्याळ तुझ्याकडे आलंय तर

प्रिय पुतणीबाई,

आजोबांचं एचएमटी जनता दादाने तुझ्या हाती दिलं आणि वर तासभर व्याख्यानही दिलं, असं वहिनी सांगत होती. मनावर घेऊ नकोस. त्याला मॉडेलं, किमती, तबकड्यांचे रंग तोंडपाठ आहेत. तू दुसऱ्या टोकाने सुरुवात कर. नवं काही घेऊ नकोस, व्हिडिओ बघून मागचं झाकण तर मुळीच उघडू नकोस. महिनाभर नुसतं वापर आणि वही ठेव.

रोज सकाळी ठरल्या वेळी, घड्याळ मनगटावरून काढून चावी दे (हातात असताना दिली की दांड्यावर तिरका जोर येतो). घट्ट लागली की थांब. मग फोनशी ताडून किती सेकंद पुढे-मागे आहे ते लिही. रात्री कधी तबकडी वर करून ठेव, कधी चावी खाली करून उभं ठेव. आकडे बदलतील. आतलं बॅलन्स व्हील (पुढे-मागे डोलून वेळ मोजणारं चाक) आडवं आणि उभं असताना त्याच्या आसाचं घर्षण सारखं नसतं. शिवाय चाकाचा तोल जरा जरी ढळलेला असेल, तर तो उभ्यात उघडा पडतो.

हे चाक तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. घड्याळ रोज 30 सेकंद पुढे जातं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर सांग की एवढ्या ठोक्यांत फक्त 150 जास्त पडले. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. त्याच्याशी बरोबरी होणार नाही, करायचीही नाही.

एखाद्या दिवशी एकदम काही मिनिटं पळालं, तर टॅबच्या चुंबकी कव्हरवर ठेवलं होतंस का ते आठव. बॅलन्स व्हीलला जोडलेल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक घाई करतं. घड्याळवाल्याकडे ते घालवायचं यंत्र असतं, मिनिटाचं काम.

महिना झाला की वही घेऊन दादाबरोबर घड्याळवाल्याकडे जा. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. ऑइलिंग तुमच्यासमोर कराल का, असं विचार. झाकण निघालं की डोळ्याला भिंग लावून बघ: दोन लालसर खडे दातेरी चाकाचा एकेक दात अडवतात आणि सोडतात. टिकटिक येते ती तिथून. तबकडीवर लिहिलेल्या 17 ज्वेल्सपैकीच ते दोन. कारखान्यात बनवलेली माणकं, सोनाराकडे शून्य भाव. दादा तिथे गप्प होईल बघ, आतलं त्यालाही फारसं ठाऊक नाही. तेव्हा वही त्याच्या हातात दे. उभ्यात आकडे का बदलतात, हे तू त्याला सांगशील. व्याख्यानं आपोआप कमी होतील.

दादा ऑनलाइन स्वस्तातलं चकचकीत ‘जनता’ घेऊ म्हणेल. अडव त्याला. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला. आज मिळणारे पुष्कळसे नग पुन्हा रंगवलेल्या तबकडीचे, चार घड्याळांचे भाग जोडलेले असतात. बाहेरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, नाव आपलं खराब. आजोबांच्या तबकडीवरचे डाग म्हणूनच राहू देत. पट्टा मात्र बदल, कुजलाय तो.

आणि पावसात घालून जाऊ नकोस. पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठव.

तुझा,
काका