पाळी गेल्यावर सारखी लघवीला लागते, जळजळ होते, खाली कोरडं पडतं. वर्षात चारदा अँटिबायोटिक घेऊन झालं. या वयात हे चालायचंच का?

चालायचंच नाही. मी डॉक्टर नाही, पण याच फेऱ्यातून गेलेय. वय ५७, राहते भांडुपला, नोकरी फोर्टला.

आधी मलाही वाटलं, उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. त्यात लोकलचा प्रवास. वाटेत धड स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळी पाणीच कमी प्यायचं. (या शहरात बायकांना २०११ साली ‘राइट टू पी’ म्हणत चळवळ उभारावी लागली, आणखी काय सांगू!) जवळचे डॉक्टर न तपासता गोळ्या लिहून द्यायचे. चार दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं आणि लघवीचं कल्चर करायला लावलं. कल्चरमध्ये जंतू नव्हतेच.

त्यांनी समजावलं ते असं: पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि योनीचं अस्तर पातळ, कोरडं होतं. मूत्रमार्गही त्याच हार्मोनवर पोसलेला, म्हणून जळजळ आणि घाई. तिथली आम्लता राखणारे चांगले जंतूही कमी होतात, त्यामुळे खरा संसर्गही पटकन होतो. म्हणून दर वेळी अँटिबायोटिकआधी कल्चर करा, आणि एकदा रक्तातली साखरही बघून घ्या. अंगातून येणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांनी ओसरतात, हे मात्र आपोआप जात नाही. अंगावर काढू नका.

मला योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. खोक्यातला कागद वाचून मी घाबरले, पण तोंडावाटे घ्यायच्या हार्मोनच्या गोळीच्या मानाने यातलं रक्तात फारच थोडं जातं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. फरक जाणवायला मला दोन महिने लागले. हार्मोन नको असेल तर योनीसाठी मॉइश्चरायझर मिळतं, आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर वंगण जेल वेगळं. ‘इंटिमेट वॉश’ आणि डेटॉल तिथे अजिबात नको, साधं पाणी पुरे. मी तर स्वच्छतेच्या नादात ते आणखी सोलवटून घेतलं होतं.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. कोरडेपणामुळेच असेल, असं घरच्या घरी ठरवू नका.

क्रीम किती दिवस लावायची, असंही तुम्हाला वाटेल. मी सहा महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद केली. दोन महिन्यांत जळजळ परत हजर! आता डॉक्टरांना दाखवून चालूच ठेवलीय.