तिचं म्हणणं नवराच सांगतो

प्रश्न : आमच्या शेजारणीला जन्मापासून ऐकू येत नाही. नवरा तिला मारतो, हे भिंतीपलीकडून कळतं. तिचं माहेर लांब, हातात स्वतःचा पैसा नाही. एकदा पोलीस आले, पण तिच्या खुणांचा अर्थ नवऱ्यानेच सांगितला आणि ते परत गेले. इतर बायका घर सोडतात, मग ही का सोडत नाही?

उत्तर : ताई, पोलिसांचा प्रसंग तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमचं उत्तर तिथेच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच दुभाष्या! समुपदेशन करताना अशी जोडपी माझ्यासमोर येतात. बाई बराच वेळ हात हलवून काही सांगते, डोळे भरून येतात, आणि नवरा सांगतो, "काही नाही, किरकोळ भांडण आहे." म्हणून मी त्याला आधी बाहेर बसवते.

अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये एका स्पॅनिशभाषक बाईची हकिगत मांडली. तिच्यासाठी मदत मागितली गेली, पण तिला इंग्रजी येत नाही म्हणून बायकांच्याच आश्रयगृहाने तिला घेतलं नाही. तिथे ती एकटी पडेल, अशी म्हणे त्यांना काळजी! नवऱ्याच्या भीतीने रस्त्यावर भटकताना ती लुटली गेली. मला या हकिगतीचा आजही संताप येतो. बाई म्हणून तिची सोय होती आणि परभाषक म्हणून तीच सोय तिला बंद होती.

तुमच्या शेजारणीचं असंच आहे. मदतीचा फोन बहुतेकदा ऐकू येणाऱ्यांसाठी असतो. दुभाषी आणायला पैसे लागतात, आणि ते नवऱ्याकडे आहेत. माहेरच्यांना कळवायचं तरी त्याच्यामार्फतच. एक अडचण दुसरीला घट्ट करते.

तुम्ही तिला एकटीला गाठा. लिहिता-वाचता येत असेल तर कागदावर बोला आणि तो कागद लगेच नष्ट करा. तिचा फोन तो तपासत असेल, तेव्हा मेसेज नको. मूकबधिरांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून खुणांची भाषा जाणणारी, घराशी संबंध नसलेली बाई मिळते का पाहा. तिची ओळखपत्रं, औषधोपचाराचे कागद यांच्या प्रती तुमच्याकडे ठेवाव्यात का, हे तिला विचारा. घर सोडायच्या सुमारास मारहाण वाढण्याचा धोका असतो, म्हणून केव्हा निघायचं हे तिलाच ठरवू द्या. जिवावर बेतलं तर मात्र थांबू नका. पोलिसांना बोलवा, आणि आल्याबरोबर सांगा की नवऱ्याला दुभाष्या करू नका.